धाकटीचा पहिला घोट

मीनल,

तुझ्या तेरवीले इतके लोक आले, इतके लोक आले, की मले राग आला. खरं सांगते, आता लपवून काय करू? पंगतीवर पंगती उठून राहिल्या होत्या, वाढणारे थकून गेले होते, अन् मी बुंदीचं ताट हातात घेऊन दारात उभी होती अन् मनात विचार करून राहिली होती, का माझ्या तेरवीले कोण येईल. भिशीतल्या बायका येतील. त्यातही कुसुम गुडघ्याचं कारण सांगेल. तुझ्यासाठी तर पुण्याहून पोट्टे आले. दाढ्या वाढवलेले, हातभर गोंदवलेले, अन् हमसून हमसून रडून राहिले होते. मी तुझी सख्खी जाऊ. एका घरात, एका ओट्यावर आपण जन्म काढला. मले कोणी विचारलं नाही. एक तर मले म्हणाला, "मावशी, पाणी मिळेल का?" दिलं बाप्पा पाणी.

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. कोण म्हणते? ज्याले जाऊ नसेल तो म्हणत असेल. मले तर तू होती तेव्हापेक्षा आता जास्त जळफळाट होऊन राहिला आहे. तेव्हा निदान तुझ्या चुका डोळ्यासमोर होत्या. ओले कपडे झटकल्याशिवाय दोरीवर टाकायची तू. ओटा पुसायची तर शेगडीखालचा तसाच सोडायची. फ्रिजमध्ये वाटीभर वरण ठेवायची अन् विसरायची. आता तेरवी झाली, भिंतीवर फोटो लागला, हार पडला, अन् तुझ्यात एकही चूक उरली नाही. शेगडीखालचं त्या पुण्याच्या पोट्ट्यांले कोण सांगेल?

अन् ते भाषण! जेवणं आटोपल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या, तर त्यातला एक दाढीवाला उभा राहिला. म्हणाला, "नागपुरात क्राफ्ट बिअर हा शब्दसुद्धा कोणाला माहीत नव्हता, तेव्हा मीनल मॅडमनी हिंगणा रोडच्या शेडमध्ये टाकी बसवली. आम्ही सगळे त्यांचं पाहून शिकलो. पण त्यांची सगळ्यात मोठी बिअर लोकांना कळलीच नाही. ती म्हणजे 'धाकटी'. आपल्या माहेरच्या आंबिलीवरून मॅडमनी ती केली होती."

माहेरच्या! तुझं माहेर कामठीचं. बाबा छावणीच्या ऑफिसात नोकरीले, आई शाळेत. त्या घरात ना महालक्ष्म्या बसत, ना आंबील होत. लग्न होऊन आली त्या वर्षी तूच मले विचारलं होतं, "ताई, हे पांढरं पांढरं काय आहे? खीर आहे का?" अन् आता म्हणे माहेरची आंबील!

हे तू त्याले सांगितलं होतं, की त्यानं मनानं जोडलं? एवढं एक मले समजलं पाहिजे होतं. आमच्या यांले विचारलं, तर हे म्हणाले, "जाऊ दे नं शोभा, गेली बिचारी." गेली म्हणून काय आंबील पण घेऊन जाईल? त्या दाढीवाल्याले विचारायले मी उठली, तर तो गाडीत बसून निघून गेला होता. आता कोणाले विचारू? जिले विचारायचं ती तर फोटोत हसून राहिली आहे.

आंबील माझी आहे. म्हणजे सासूबाईंची, अन् त्यांच्या मागून माझी. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, थोरली अन् धाकटी, अन् त्यांच्या नैवेद्याले पुरण, सोळा भाज्या अन् आंबील लागतेच. ज्वारीचं पीठ भिजवायचं, आंबू द्यायचं अन् मग शिजवायचं. कधी शिजवायचं, सारी मेख तिथं आहे. घाई केली तर नुसती पेज होते, अन् उशीर झाला तर नाकाले झिणझिण्या येतात. बरं, चाखून पाहू म्हणाल तर ते चालत नाही. देवीच्या आधी जिभेले लावायचं नाही. सारा कारभार नाकावर. सासूबाईंनी मले मान धरून पिठाच्या गंजावर वाकवलं होतं, "घे वास. काय म्हणते पीठ?" पहिल्या वर्षी पीठ मले काहीच म्हणालं नाही. मग म्हणायले लागलं. अख्ख्या प्रताप नगरात माझ्यासारखी आंबील होत नाही, हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. मी पण म्हणते.

त्या घरात तू आली. केमिकल इंजिनियर. चांगली नोकरी होती, ती सोडली अन् एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, मी बिअर करणार आहे." मले वाटलं, आता घरात रामायण होते. मी पोळी तव्यावर टाकून दाराआड उभी राहिली, ऐकायले. सासूबाईंनी वरणाचा भुरका मारला अन् म्हणाल्या, "कर बापा. नीट कर म्हणजे झालं."

बस! एवढंच! माझी पोळी जळली. लग्नानंतर मी पोस्टातली नोकरी करू का म्हणून विचारलं होतं, तर ह्याच बाई रुसून जेवल्या नव्हत्या. अन् तुझ्या बिअरले 'कर बापा'. पुढं तर आल्यागेल्याले कौतुकानं सांगत, "आमची धाकटी दारूचं रसायन करते. शिकलेली आहे नं!" मी काय अंगठेबहाद्दर होती का? बी.कॉम. आहे मी.

तसं तू वाईट नव्हती. हे पण लिहून टाकते, नाहीतर म्हणशील थोरलीनं सारं कडूच लिहिलं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू रोज माझी वेणी घालायची. वाकडी घालायची, पण घालायची. अन् एका महालक्ष्म्यांच्या आधी माझा उजवा हात मोडला, तेव्हा नैवेद्याची आंबील तुझ्याकडून करून घेतली होती मी. खुर्ची टाकून ओट्यापाशी बसली अन् सांगत गेली. तू दर थोड्या वेळानं गंज माझ्या नाकाखाली आणायची. मिठाची पाळी आली तर तू चमचा घेतला. मी म्हटलं, "चमचा ठेव वं, चमच्यानं मीठ टाकते का कोणी?" अन् डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन दाखवलं. पाहुणे जेवले अन् म्हणाले, "शोभावहिनी, आंबील नेहमीसारखीच झाली." नेहमीसारखी! कोणाले फरक समजला नाही. मले त्या रात्री झोप नाही लागली. हात दुखून राहिला होता, असं मी यांले सांगितलं.

मग ती गोष्ट घडली, जिच्यातून धाकटी झाली. तू ज्वारी टाकून बिअर करायचं घेतलं होतं. तुझं म्हणणं, विदर्भात राहून बिअरसाठी परदेशातल्या जवावर कायले जगायचं? ज्वारीचा रस काढला होता, तो कढवायचा होता, तर शेडमधली लाईट गेली, बर्नर बंद पडला, अन् रस टाकीत कोमट पडून राहिला. सकाळी तुझा फोन. "ताई, आंबला वाटते. फेकू का? येतेस का जरा वास घ्यायले? आंबलेल्यातलं तुझ्याइतकं कोणाले समजते?" ऑटो करून गेली मी. मनातून फुगली पण होती, खोटं कायले बोलू. हरीश तिथं तोंड पाडून उभा होता. तुझा भागीदार, जरीपटक्याचा, मराठी सारं समजते पण तोंडून हिंदीच निघते. म्हणाला, "भाभी, पूरा माल गया."

मी झाकण उघडलं. आता तिथं बिअरचं नाक पाहिजे होतं. माझ्याजवळ होतं नैवेद्याचं नाक. मी वास घेतला अन् म्हटलं, "फेकते काय वं? ही तर अजून आंबलीच नाही. उद्यापर्यंत राहू दे, मग शिजव." हरीशनं कपाळाले हात लावला. बिअर आंबली म्हणजे वाया गेली, हे मले कोणी सांगितलं होतं का? पण तू माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, अन् झाकण लावून टाकलं. पुढं शिजवली, गार केली, यीस्ट टाकलं, अन् एका दुपारी ग्लास हातात घेऊन नुसतीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, हे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"पिऊन पाहा नं."

मी नाही प्याली. मी काही सोवळ्यातली नाही, नागपूरच्या लग्नात काय काय चालते ते पाहिलेलं आहे. पण जिभेले लावून सांगणारी सुगरण कसली? नाकानं सांगितलं ते पुरे. तू दर वेळी म्हणायची, एक घोट घे, एक घोट. भज्याच्या पिठात घालून खाऊ घालायचा पण डाव करून पाहिला तू. मी भजं फोडलं, वास घेतला अन् ताटलीत परत ठेवलं.

मग तू नाव ठेवलं. शेडच्या पुढच्या भागात लोक बसायचे, तिथल्या फळ्यावर सगळ्या बिअरच्या नावांखाली खडूनं लिहिलं, 'धाकटी'. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आंबील माझी, नाक माझं, अन् नाव धाकटी? थोरली कुठं गेली?" तू हसत म्हणाली, "थोरली घरी आहे नं. तिले फळ्यावर लिहून मार खाऊ का?" सारे हसले. मी पण हसली, चारचौघांत काय करणार. पण विसरली नाही.

लोकांनी मात्र धाकटीले कधी जवळ केलं नाही. जो येईल तो तुझी संत्र्याची बिअर मागे. बाहेरगावचा असेल तर संत्र्याचीच, फोटो काढायले. धाकटी कोणी चुकून घेतली तर तोंड वाकडं करून ग्लास परत. "ये क्या है मॅडम, दही का पानी?" एका बाईनं तर साखर मागितली. मी एकदा कोपऱ्यात बसून हे पाहिलं अन् मले बरं वाटलं. हरीश म्हणायचा काढून टाक, सुधीर म्हणायचा काढून टाक. सुधीर तुझा नवरा, त्यानं कधी कोणत्या गोष्टीत मत दिलं नव्हतं, त्यानं पण इथं दिलं. तू नाही काढली. मी म्हटलं, "अवं, लोकांले नाही आवडत तर हट्ट कायले?" तू म्हणाली, "तू पिऊन सांग वाईट आहे, आत्ता पुसते." ते भांडण तसंच लटकलेलं राहिलं.

अन् दुसरं भांडण दर खेपेचं. नवीन रस लावला की तू मले बोलवायची. आंबटपणा मोजायचं मशीन होतं तुझ्याजवळ. "मशीन आकडा सांगते ताई, वास नाही सांगत." मी झाकण उघडायची अन् म्हणायची, "उद्या."

तू म्हणायची, "आज."

"कच्ची आहे."

"उद्यापर्यंत व्हिनेगर होईल. लोक पितील का?"

"आता तरी कोण पिते?"

तू पोट धरून हसायची, डोळे पुसायची, अन् शेवटी म्हणायची, "ते काही नाही. आजच शिजवते." मी पर्स उचलायची अन् तणतणत घरी. दर वेळी तू जिंकायची. जेवताना मी यांले सांगायची, पुन्हा कच्ची उतरवली तिनं. हे म्हणायचे, "ऐकत नाही तर जातेस काहून?" काय सांगू काहून जाते! बोलावते म्हणून जाते. या घरात मत द्यायले मले दुसरं कोण बोलावते?

मग तू आजारी पडली. दवाखान्यात त्या दिवशी मी तुझ्यासाठी मुगाचं पाणी घेऊन आली होती. तू डोळे मिटून पडली होती. मले वाटलं झोपली. तर तू म्हणाली, "ताई, मी नाही आली तर वास तू घेशील?"

मी म्हटलं, "मी कायले घेऊ? बरी हो अन् ये. दोघी घेऊ."

"तू उद्याच म्हणशील."

"म्हणीनच."

तू तोंड वाकडं केलं. तेच आपलं शेवटचं बोलणं. शेवटच्या बोलण्यात लोक म्हणे काय काय बोलतात, हात हातात घेतात, माफी मागतात. आपण आंबटावर भांडलो. मले त्याचं वाईट नाही वाटत. तू दुसरं काही गोडगोड बोलली असती तर मी घाबरली असती. मुगाचं पाणी मात्र तसंच डब्यात परत आणलं मी.

तेरवीनंतर हरीशचा फोन आला. "भाभी, एक बार शेड पे आ जाओ. कुछ पूछना है." सुधीरले अजून तिकडं पाहवत नाही, म्हणून मीच गेली. दुपार होती. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, पंखे बंद. फळ्यावर तुझं अक्षर तसंच. हरीश म्हणाला, "भाभी, धाकटी खतम होने को आई है. नई डालूं, कि बोर्ड से नाम मिटा दूं? पीता तो कोई है नहीं. मीनल थी तो चल रही थी. अब आप बोलो."

मनात पहिला विचार आला तो सांगते. मिटव! सुंठीवाचून खोकला गेला. माहेरच्या आंबिलीची गोष्ट संपली, दाढीवाले पोट्टे विसरले, अन् भाद्रपदात माझ्या गंजात माझी आंबील. थोरलीचीच. शब्द अगदी जिभेवर आला होता. तेवढ्यात हरीशनं नळ उघडून एक ग्लास भरला अन् समोर ठेवला. "फैसला करना है तो पहले पी लो."

मी ग्लास नाकाजवळ नेला. वासात सारं ओळखीचं होतं. मग म्हटलं, इथं देवी बसलेली नाही, नैवेद्य नाही, अन् आता 'पिऊन पाहा नं' म्हणून मागं लागणारी पण नाही. कोणासमोर हरायचं आहे? घेतला घोट.

पहिले नुसतं गार लागलं. मग दोन्ही जबडे कळवळले, इतकी आंबट. वाटलं थुंकून टाकावी. पण तो आंबटपणा तिथं थांबला नाही, उतरला, अन् त्याच्या मागून ज्वारी आली, सकाळची उरलेली भाकरी संध्याकाळी लागते नं, तशी. गिळून झाल्यावर जिभेच्या कडेले काहीतरी राहिलं. मी जीभ फिरवून पाहिली. मीठ.

"हरीश, यात मीठ आहे?"

"है ना. थोड़ा सा. शुरू से है. मीनल हथेली पे लेके डालती थी, चम्मच से नहीं."

सुरुवातीपासून! अन् मले पत्ता नाही. लागेल कसा? मिठाले वास कुठं असतो? इतकी वर्षं मी नाक वर करून सांगत राहिली, का मले घोटाची गरज नाही, अन् तू माझ्याच ओट्यावरचं मीठ माझ्या नाकासमोर टाकून मोकळी. बरं, टाकलं ते टाकलं, पण कसं टाकलं! माझ्या आंबिलीतलं मीठ हे मीठ आहे, लागते म्हणून टाकते. तुझ्यातलं मीठ त्या आंबटाले धरून खाली आणत होतं. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. शंका नको राहायले. नाही राहिली. तुझी धाकटी माझ्या आंबिलीपेक्षा चांगली आहे वं मीनल. थोडीशी नाही, चांगलीच.

मी तिथं स्टुलावर बसून रडली. हरीश पाणी घेऊन आला. त्याले वाटलं, तुझ्या आठवणीनं रडून राहिली. त्याले काय सांगू, का हा जळफळाट आहे? माझ्या हातून हे झालं नसतं, हे मले त्या ग्लासात समजलं, अन् ज्या बाईनं ते केलं ती माझ्या वाकड्या वेण्या घालणारी होती. आठवण पण असेलच त्यात, मी नाही म्हणत नाही. ग्लास संपवला अन् आणखी अर्धा मागितला. अन् लोक हिले दह्याचं पाणी म्हणायचे! अक्कल नावाची गोष्ट नाही मेल्यांले.

मग माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "हरीश, ही कच्ची नाही आहे. ती तर दर वेळी त्याच दिवशी शिजवायची. मग कच्ची काहून नाही?"

हरीश हसायले लागला. "उसी दिन कहां भाभी! आपके जाने के बाद मैं बर्नर जलाने जाता तो बोलती, रुक. ताई ने कल बोला है."

"मग दुसऱ्या दिवशी शिजवायची?"

"कल तक भी नहीं. शाम को, कभी रात को. आप कल बोलती थीं, वो आज बोलती थी, बनती थी बीच में."

ऐकलं अन् मले इतका राग आला तुझा, इतका राग आला! म्हणजे मी हरत नव्हती. अर्धी का होईना, जिंकत होती. अन् तू मले दर खेपेले हरलेलं तोंड घेऊन घरी पाठवायची! अवं, "ताई, तुझं थोडं ऐकलं" एवढं म्हटलं असतं तर तुझं काय गेलं असतं? मी यांच्यासमोर ताठ मानेनं जेवली असती. की तुले भीती होती, ऐकलं म्हटलं तर ही खूश होईल अन् मग भांडायले येणार नाही? असेल. खूश झाली असती तर मी खरंच ऑटोचा त्रास घेतला नसता. माझी नस तुले बरोबर माहीत होती.

मी हरीशले म्हटलं, "लाव नवीन." तू माहेरची आंबील म्हटलं असेल तर तेही पोटात घालते, असं मनात आलं होतं. घरी येईपर्यंत विचार बदलला. ते नाही घालणार.

काल त्यानं रस लावला. आज सकाळी मी आली. झाकण उघडलं तर कोमट वाफ तोंडावर आली. हरीशनं मशीन दाखवलं, मी तिकडं पाहिलं नाही. वास घेतला, सरळ उभी राहिली, अन् तोंडातून आपोआप निघालं, "उद्या."

अन् पुढचं आलंच नाही. मी वाट पाहिली. कोणी 'आज' म्हटलंच नाही. पुन्हा वाकली, पुन्हा वास घेतला, तर नाक काही सांगेचना. तेव्हा मले समजलं, का माझं 'उद्या' कधी खरं उद्या नव्हतंच. भाजीवाली वाढवून सांगेल म्हणून आपण पाडून मागतो नं, तसं होतं ते. तू अलीकडं ओढणार हे माहीत होतं, म्हणून मी पलीकडं ताणत होती. तू ओढायले नसली तर मले नेमकं किती आंबलेलं पाहिजे, हे माझं मलेच माहीत नाही. मी आपली समजत राहिली, नाक माझं आहे, कोणाच्या बापाले मिळणार नाही असं. त्यातलं अर्धं तुझं निघालं, अन् ते पण तू घेऊन गेली.

हरीश बर्नरजवळ उभा होता. "क्या करना है भाभी? आज कि कल?"

मी म्हटलं, "रुक जा बाबू. पहले उससे झगड़ लेने दे."

त्यानं स्टूल आणून दिला अन् बाहेर जाऊन उभा राहिला. मी टाकीसमोर बसली आहे. झाकण उघडं आहे.

कच्ची आहे मीनल. मी सांगते, कच्ची आहे. उद्यापर्यंत राहू दे.

म्हण नं वं, आज.